फिटनेस बँडचा पट्टा तुटला? नवा बँड मागवण्याआधी हे करून बघा

फिटनेस बँड वापरणाऱ्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. आतलं यंत्र ठणठणीत, पावलं मोजतंय, चार्जिंगही टिकतंय. पट्टा मात्र गेला. मग कुणी फेविक्विक लावतं, कुणी रबर गुंडाळून दिवस ढकलतं, तर कुणी वैतागून सरळ नवा बँड मागवतं. पट्टा नेमका कुठे तुटलाय हे नीट पाहिलं, तर तो का तुटला आणि आता काय करायचं, दोन्हींचा उलगडा तिथेच होतो. त्यामुळे खरेदीचं ॲप उघडण्याआधी बँड हातातून काढा आणि उजेडात धरा.

पायरी १: बॅटरी फुगलेली नाही ना, हे आधी तपासा

मधला डिस्प्लेचा भाग पट्ट्यातून आपोआप वर येत असेल, तर दोष पट्ट्याचाच असेल असं नाही. आतली लिथियम बॅटरी जुनी झाली की फुगू शकते आणि काच किंवा मागचं झाकण उचलून धरते. काच आणि बॉडीच्या मधल्या फटीवरून नख फिरवा. पूर्वी सपाट लागणारी कड आता उचललेली वाटली, पाठ फुगीर दिसली किंवा चार्जिंगला लावल्यावर बँड नेहमीपेक्षा जास्त तापला, तर विषय तिथेच संपला. तो पुन्हा चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचून तर मुळीच बघू नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. अशा बँडला नवा पट्टा घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

बॅटरी ठीक असेल तर पुढे चला.

पायरी २: कुठे तुटलाय?

कॅप्सूलच्या भोवतीची कड. शाओमीच्या जुन्या मी बँडसारख्या रचनेत डिस्प्लेची कॅप्सूल रबरी पट्ट्याच्या खोबणीत दाबून बसवलेली असते. मी बँड ४ पर्यंत चार्जिंगसाठी ती दर वेळी बाहेर काढावी लागायची. दर वेळी खोबणीची कड ताणली जायची आणि कालांतराने सैल पडायची किंवा कोपऱ्यात चिरायची. मी बँड ५ पासून चुंबकी चार्जर आला, कॅप्सूल काढण्याची गरज उरली नाही आणि हा त्रास बराच कमी झाला. तुमच्या पट्ट्याची कड अंगठ्याने बाहेरच्या बाजूला किंचित वाकवून बघा. कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली तरी पट्टा बदला. सिलिकॉन ताणायला दमदार असतं, पण एकदा चीर पडली की ती भराभर पुढे सरकते. लोकलमध्ये चढताना किंवा बॅगेचा बंद खांद्यावर घेताना कॅप्सूल कुठे निसटून पडेल, कळणारही नाही.

भोकं. दोन भोकांमधली पट्टी फाटली असेल तर बहुधा बँड फार घट्ट बांधला जात होता, किंवा रोज एकाच भोकावर ताण येत होता. हाही पट्टा बदलायचाच.

कडी. बक्कलातून बाहेर आलेलं टोक ज्यात अडकवतो ती रबरी कडी सगळ्यात आधी तुटते, आणि तेवढ्यासाठी लोक अख्खा पट्टा टाकून देतात. घड्याळवाल्याकडे सुट्या कड्या अगदी किरकोळ पैशांत मिळतात. पट्ट्याची रुंदी सांगा, दोन घ्या.

पिन. पट्टा धडधाकट आहे पण यंत्रापासून सुटतोय, तर संशय स्प्रिंगच्या पिनेवर घ्या. ही बारीक नळी असते, आत स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना दबणारी नाकं. घामातल्या मिठाने ती गंजते, नाक आत अडकून बसतं किंवा पिन मधून वाकते. चिमटीत धरून दोन्ही टोकं दाबा. सटकन बाहेर आली नाहीत तर पिन बदला. पट्टा जुनाच चालेल.

यंत्राचा कान. पिन ज्या दोन टोकांमध्ये बसते ते यंत्राचे कान. तिथलं प्लास्टिक तडकलं असेल किंवा पिनेचं भोक झिजून मोठं झालं असेल, तर नवा पट्टाही टिकणार नाही. काही बँडमध्ये पट्टा यंत्रालाच कायमचा जोडलेला असतो. फिटबिटचा चार्ज एचआर तसा होता, गार्मिनचा व्हिवोस्मार्ट ४ सुद्धा. पुढे फिटबिट चार्ज २ आणि व्हिवोस्मार्ट ५ मध्ये पट्टा बदलता येऊ लागला. कायमचा जोडलेला पट्टा सुटला तर घरी करण्यासारखं फारसं काही नाही. सेवा केंद्रात विचारून बघा. पुढचा बँड घेताना मात्र ‘पट्टा बदलता येतो का’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

पायरी ३: मॉडेल आणि माप

‘एमआयचा पट्टा द्या’ एवढ्यावर दुकानदार हाताला लागेल तो पट्टा देतो. आधी फोनमधल्या ॲपमध्ये डिव्हाइसचं पूर्ण नाव बघा. मी बँड ३ आणि ४ चे पट्टे एकमेकांना चालतात, ५ आणि ६ चेही चालतात, पण ४ चा पट्टा ५ ला बसत नाही. मी बँड ८ पासून जोडणीच बदलली. फिटबिटमध्ये चार्ज ३ आणि ४ ची एक जोडी, चार्ज ५ आणि ६ ची दुसरी.

तुमचं यंत्र घड्याळासारखं असेल आणि पट्टा पिनेवर असेल, तर काम सोपं. दोन कानांच्या आतल्या बाजूचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. बहुतेक वेळा ते १८, २० किंवा २२ निघतं. शाळेतली प्लास्टिकची पट्टी चालेल, पण शून्याची खूण कडेला आहे की जरा आत, हे बघून घ्या. तेवढ्या फरकाने २० चं २२ होतं. जुन्या पट्ट्याच्या आतल्या बाजूलाही कधीकधी माप कोरलेलं असतं. २२ च्या जागी २० चा पट्टा बसतो खरा, पण तो बाजूला सरकत राहतो, पिनेचा काही भाग उघडा पडतो आणि ती वाकते.

पायरी ४: कोणता पट्टा घ्यावा

स्वस्तातले पट्टे बहुधा टीपीयूचे, म्हणजे एका प्रकारच्या पॉलियुरेथेनचे, किंवा सिलिकॉनचे असतात. पॉलियुरेथेनच्या बऱ्याच प्रकारांचं दमट हवेत हळूहळू विघटन होतं. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचे तळवे एखाद्या पावसाळ्यानंतर भुगा होऊन सुटतात, तोच हा प्रकार. चिकट झालेला, पिवळा पडलेला किंवा वाकवल्यावर पांढऱ्या रेघा दिसणारा पट्टा त्याच वाटेवर आहे. सिलिकॉन घामाला आणि उन्हाला जास्त दाद देत नाही, पण धूळ ओढतं आणि वर सांगितलं तसं चिरेला कच्चं असतं.

पळायला जाणाऱ्यांना, घाम जास्त येणाऱ्यांना विणलेला नायलॉनचा पट्टा माझ्या मते सगळ्यात बरा. हवा खेळते, भोकं नसल्याने फाटायला जागा नाही आणि वेल्क्रोमुळे हवा तेवढा घट्ट करता येतो. तोटा एकच: भिजला की लवकर वाळत नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तो वास मारायला लागतो, म्हणून दोन घेऊन आलटून पालटून वापरा. चामड्याचा पट्टा ऑफिसपुरता ठीक, व्यायामाला नको.

मनगटावर पुरळ उठत असेल तर पट्ट्याच्या रंगापेक्षा बक्कलाकडे लक्ष द्या. धातूतल्या निकेलची अनेकांना ॲलर्जी असते. फिटबिटने आपला ‘फोर्स’ हा बँड २०१४ साली त्वचेच्या तक्रारींमुळे परत मागवला होता. त्यातही निकेल आणि चिकटवण्याच्या द्रव्यांचा संशय होता. अशा वेळी प्लास्टिकचं बक्कल किंवा वेल्क्रो घ्या, आणि पुरळ जाईपर्यंत मनगट मोकळं ठेवा.

पायरी ५: जुना काढा, नवा बसवा

पिन काढताना ती उडते आणि पलंगाखाली जाते. त्यावर साधा उपाय: यंत्र आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पॉलिथिनच्या पिशवीत घालून काम करा. उडाली तरी पिशवीतच राहील.

पट्टा आणि कान यांच्या फटीत बारीक सपाट पेचकस किंवा पिन काढायचं हत्यार घाला, पिनेचं नाक आत दाबा आणि पट्टा हलकेच स्वतःकडे ओढा. नाक सुटल्याचं बोटाला कळतं. पेचकस काचेच्या दिशेने रोखू नका. क्विक रिलीज पट्ट्याला मागच्या बाजूला छोटी खुंटी असते. ती नखाने सरकवली की हत्याराशिवाय काम होतं. फिटबिट आणि शाओमीच्या नव्या बँडमध्ये पट्ट्याच्या मुळाशी बटण किंवा खटका असतो, तो दाबून पट्टा सोडवायचा. जोर लावावा लागत असेल तर थांबा. खटका पूर्ण दबलेला नाही. खोबणीत घामाचा आणि साबणाचा मळ साठला तरी असंच अडतं. ओल्या मऊ ब्रशने तो काढा.

बक्कल असलेला आखूड भाग डिस्प्लेच्या वरच्या बाजूला, म्हणजे बाराच्या दिशेला लावा आणि भोकं असलेला लांब भाग सहाच्या दिशेला. पिनेचं एक टोक आधी भोकात टेकवा, मग दुसरं दाबून सोडा. ‘टक’ आवाज आला तरी त्यावर विसंबू नका. यंत्र गादीच्या वर धरून पट्ट्याचे दोन्ही भाग एकेक करून जोरात ओढून बघा. सुटायचं असेल तर ते गादीवर सुटू दे, रस्त्यावर नको.

मी बँड ३ किंवा ४ ची कॅप्सूल असेल तर तिचं एक टोक पुढच्या बाजूने खोबणीत घाला आणि दुसरं अंगठ्याने दाबा. मग कडेवरून बोट फिरवा. सगळीकडे रबर कॅप्सूलच्या खाचेत गेलेलं हवं.

आणि फेविक्विक?

नको. ते सायनोॲक्रिलेट आहे. सिलिकॉनला धड चिकटत नाही आणि जिथे चिकटतं तिथे कडक होतं. रोज वाकणाऱ्या पट्ट्यावर असा कडक सांधा आला की त्याच्या शेजारीच नवी चीर पडते. शिवाय वाळताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरट थर सोडते. तो मागच्या सेन्सरच्या काचेवर बसला तर हिरव्या दिव्यावर चालणारं ठोक्यांचं मोजमाप बिघडतं. पिनेच्या भोकात गेलं तर पुढच्या वेळी पट्टा निघणारच नाही.

नवा पट्टा येईपर्यंत यंत्र खिशात ठेवा. पावलं साधारण मोजली जातात, हृदयाचे ठोके नाहीत. नायलॉनच्या पट्ट्याची शिवण उसवली असेल तर मात्र नायलॉनच्या दोऱ्याने घरी शिवली तरी चालते.

पायरी ६: नवा पट्टा टिकवायचा तर

व्यायामानंतर पट्टा साध्या पाण्याने धुवा, दोन-चार दिवसांनी सौम्य साबण लावा आणि पुसून सुकल्यावरच घाला. समुद्रात किंवा पोहण्याच्या तलावात जाऊन आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचा. मीठ आणि क्लोरीन दोन्ही पिनेला बाधतात. सनस्क्रीन, डोक्याचं तेल, डासांसाठीचं डीट असलेलं मलम ही पट्ट्याची खरी शत्रुमंडळी. डीट तर कित्येक प्लास्टिक मऊ करून टाकतं. हे लावायचं असेल तर आधी लावा, मुरू द्या, हात धुवा, मग बँड घाला. सॅनिटायझरने पट्टा रोज पुसण्याची सवय कोविडच्या काळात अनेकांना लागली. ती आता सोडा.

घट्टपणा: मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, आणि पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल एवढा. व्यायामापुरता एक भोक घट्ट करा, झोपताना सैल सोडा. भोकांवरचा ताणही वाचतो.

पट्टा वॉरंटीत असताना तुटला तर

बऱ्याच कंपन्या पट्टा झिजणारा भाग मानतात आणि वॉरंटीतून वगळतात, पण सगळ्याच नाही. वॉरंटी कार्डावरचा बारीक मजकूर वाचा. वापर बेताचा असून काही महिन्यांतच जोडणी सुटली, तर ती झीज नव्हे, दोष आहे असं लेखी कळवा. कंपनीकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिल, तुटलेल्या जागेचे जवळून काढलेले फोटो आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हाताशी ठेवा. तुटका पट्टा निकाल लागेपर्यंत टाकून देऊ नका; सेवा केंद्रवाले आधी तोच मागतात.