घरचा वायफाय राऊटर बदलायचा का? पैसे घालण्याआधी एवढं बघा

नेट अडकायला लागलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच की राऊटर जुना झालाय, नवीन घेऊया. पण दोष तीन ठिकाणी असू शकतो, बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये, राऊटरच्या डब्यात, नाहीतर राऊटर आणि मोबाइल यांच्या मधल्या भिंतींमध्ये. नवीन राऊटरने दुसरा दोष जातो, तिसरा थोडाफार कमी होतो आणि पहिल्याला तर काहीच फरक पडत नाही. त्यामुळे आधी दोष कुठे आहे ते शोधा, यात एक संध्याकाळ जाईल पण दोन-चार हजार वाचू शकतात.

शोधायचं कसं? लॅपटॉपला लॅन केबल लावून थेट राऊटरमधून स्पीड टेस्ट करा. लॅपटॉपला ते पोर्टच नसेल तर राऊटरसमोर सहा-सात फुटांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर (वायफायचा जास्त वेगाचा पण कमी लांब पोचणारा बँड, दुसरा २.४ चा) करा. इथेच प्लॅनपेक्षा खूप कमी स्पीड येत असेल तर आधी लाइनवर संशय घ्या. ही टेस्ट दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास एकदा, अशी दोनदा करा, कारण बिल्डिंगमधले सगळे रात्रीच टीव्ही लावून बसतात आणि दुपारी छान चालणारी लाइन तेव्हा बसली तर तो प्रॉब्लेम प्रोव्हायडरचा आहे.

दुसरी टेस्ट मला सगळ्यात कामाची वाटते, आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत. राऊटरच्या खाली स्टिकरवर त्याचा पत्ता असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. जिथे नेट अडकतं त्याच खोलीत बसून त्या पत्त्याला पिंग करा (म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा), लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमधून किंवा मोबाइलवर कुठल्याही पिंगच्या ॲपमधून, आणि दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. आकडा दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला तर तुमचं वायफाय ठणठणीत आहे. मधूनच दोनशे-तीनशेवर उडी मारत असेल किंवा टाइम आउट येत असेल तर गडबड घरातच आहे. मग ८.८.८.८ ला, म्हणजे घराबाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. राऊटरचा आकडा स्थिर आणि हा मात्र उड्या मारतोय, तर स्क्रीनशॉट काढा आणि कंप्लेंट टाका, राऊटरला हात लावू नका.

आता भिंती. आपल्याकडे केबलवाला वायर मेन दरवाजावरून आत आणतो आणि डबा तिथेच ठोकतो, नाहीतर माळ्यावर किंवा टीव्ही युनिटच्या बंद खणात टाकून जातो. वन बीएचकेत त्याच्या आणि बेडरूमच्या मध्ये टाइल्सवालं बाथरूम, लोखंडी कपाट आणि फ्रिज येतो, आणि गिरगाव-दादरकडच्या जुन्या बिल्डिंगमधल्या जाड भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीतच दम तोडतो. महागडा राऊटर घेऊनही यात फार फरक पडत नाही, कारण किती जोरात सिग्नल सोडायचा याला नियमाने मर्यादा आहे, आणि त्याचा आवाज पोचला तरी तुमच्या मोबाइलला उलट उत्तर पाठवायचं असतं, त्याचा अँटेना तेवढाच छोटा. अँटेनाच्या चार काड्या, आठ काड्या बघून राऊटर निवडू नका. आहे तोच राऊटर लांब लॅन केबल टाकून घराच्या मधोमध, उंचावर आणि मोकळ्यात ठेवून बघा. फायबरची बारीक वायर मात्र स्वतः ओढू-वाकवू नका, ती जोरात वाकली तरी सिग्नल पडतो.

आणि शेजार. चाळीत किंवा टॉवरमध्ये वायफायची लिस्ट उघडली की वीस-पंचवीस नावं दिसतात, त्यातली बरीच २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतात, आणि तिथे एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वायफाय ॲनालायझरचं ॲप टाकून यातला कमी गर्दीचा चॅनेल सेट करा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, आणि टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल ५ वर न्या. २.४ बंद करू नका, स्मार्ट प्लग आणि जुने प्रिंटर त्यावरच चालतात.

राऊटर स्वतःहून रिस्टार्ट होतोय? आधी ॲडॉप्टर बदलून बघा, व्होल्ट तेवढेच आणि ॲम्पियर तेवढे किंवा जास्त.

हे सगळं करून मग बदलायचा कधी, तर राऊटर फक्त २.४ वाला असेल तर सरळ बदला, मुंबईच्या गर्दीत तो चालवण्यात अर्थ नाही. प्लॅन दोनशे-तीनशे एमबीपीएसचा आहे आणि लॅन केबलवरही स्पीड ९३-९५ वर अडकतो, तर कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे. पण आधी केबल बदलून बघा, आतल्या आठ तारांपैकी एक जरी सुटली तरी स्पीड तिथेच अडकू शकतो. आणि कंपनीने त्या मॉडेलला फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट देणं बंद केलं असेल तर स्पीड कितीही छान असला तरी बदला, यात तडजोड नको, याच नेटवरून आपण बँकेचे व्यवहार करतो.

घेताना वायफाय ६, ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही), सगळी पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसची) आणि डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा, एवढं बहुतेक घरांना पुरतं. वायफाय ७ चा फायदा तुमचे मोबाइल-लॅपटॉप ते पकडत असतील तरच होतो. शंभरच्या प्लॅनला तर वायफाय ५ सुद्धा स्पीडमध्ये कमी पडत नाही, ६ चा खरा उपयोग एकाच वेळी पंधरा-वीस डिव्हाइस चालू असतात तिथे दिसतो. मोठ्या किंवा ड्युप्लेक्स घरात एका तगड्या राऊटरपेक्षा दोन साधे मेश युनिट (मिळून एकच वायफाय देणारे डबे) घ्या आणि जमलं तर दोघांमध्ये केबल टाका. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेतलात तर बिल आणि वॉरंटी नीट बघून घ्या.

पैसे देण्याआधी प्रोव्हायडरला फोन करून तीन गोष्टी विचारा. ते फुकटात किंवा डिपॉझिटवर नवीन ड्युअल बँड डबा देतात का, त्यांचा डबा ब्रिज मोडवर टाकतील का (म्हणजे तो लाइन नुसती पुढे देईल आणि राऊटरचं काम तुमचा नवीन राऊटर करेल), आणि पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून चालू होणारी लाइन, असेल तर युजरनेम-पासवर्ड काय. ब्रिज मोड नाही म्हणाले तर नवीन राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय देण्यापुरता) लावा आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करा. नवीन राऊटरला वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच द्या, पासवर्ड चांगला असेल तर, म्हणजे घरातली बहुतेक डिव्हाइस आपोआप जोडली जातात. राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा ॲडमिनचा पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला.