डिफरेन्शियल घरी उघडताय? क्रश स्लीव्ह एकदाच दबते

हे इको, ओम्नी, जिप्सीवाल्यांसाठी. यांचं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच, हौसिंगच्या पुढच्या बाजूनं अख्खं निघतं, म्हणून पोर्चमध्ये जमतं. आवाज येऊन राहिला म्हणून लगेच पाना उचलू नका. व्हील बेअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आधी बघा. बरेचदा रोग तिथंच असतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं असेल तरच क्राऊन-पिनियनवर (शाफ्टकडचा छोटा गिअर पिनियन, तो फिरवतो तो मोठा गिअर क्राऊन) संशय घ्या.

काढणं सोपं आहे. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. ड्रेन बोल्टच्या आधी फिलर बोल्ट ढिला होतो का बघा. तो जाम निघाला आणि तुम्ही ऑइल काढून बसलात, तर गाडी तिथंच अडकली. शाफ्टच्या फ्लँजवर खूण करा, दोन्ही एक्सल ओढा, मग कॅरिअरचे, म्हणजे डिफरेन्शियल धरणाऱ्या सांगाड्याचे, नट. खाली जॅक हवाच, वजन छातीवर घ्यायचं नाही. बेअरिंग कॅपवर पंचनं एक आणि दोन ठिपके मारा, त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलायचे.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे काम काढू नका. काढलंच, तर धुतलेली बेअरिंग कूलरसमोर ठेवू नका. ओल्या हवेनं रात्रीतून गंज धरतो. बेअरिंग ओढायला-बसवायला नागपुरात हिंगणा एमआयडीसीच्या बाजूचा एखादा प्रेसवाला गाठा, हातोडीनं ठोकू नका.

आता खरा सापळा. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये क्रश स्लीव्ह, म्हणजे दबून आखूड होणारी धातूची नळी, असते. नट आवळला की ती दबते आणि बेअरिंगवर प्रीलोड, म्हणजे कायमचा ठरावीक दाब, येतो. दबलेली स्लीव्ह परत फुलत नाही. प्रीलोड जास्त झाला म्हणून नट पाव फेरा मागे घेतला, तर स्लीव्हची पकड सुटते, पिनियन हलतो आणि काही दिवसांत बेअरिंग ओरडायला लागतं. एकच उपाय: सगळं काढा, नवी स्लीव्ह टाका. म्हणून विकत घेतानाच दोन घ्या.

क्रमही इथंच चुकतो. आधी स्लीव्ह न घालता नट हलक्या हातानं आवळून पिनियनची खोली ठरवा. क्राऊनच्या पाच-सहा दातांना मार्किंग पेस्ट लावा, क्राऊनला फडक्यानं थोडा अटकाव करत पिनियन फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत, पिनियनच्या डोक्याकडच्या बेअरिंगमागची शिम (पातळ चकती) पातळ करा. टोकाला आला तर जाड करा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजनं चार ठिकाणी मोजा. बहुतेक गाड्यांत तो ०.१० ते ०.२० मिमी असतो, तुमचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. ठसा मध्यावर आला की क्राऊन बाहेर काढा आणि मगच नवी स्लीव्ह.

बेअरिंगला ऑइल लावा, फ्लँज लांब पट्टीनं धरा. स्लीव्ह दबायला सुरुवात होईपर्यंत नट दगडासारखा लागतो, दांडा वाकेल असं वाटतं. घाबरू नका, ते तसंच असतं. पण दबायला लागली की प्रत्येक वेळी नट जेमतेम हलवा, पिनियन दहा-बारा फेरे फिरवून बेअरिंग बसू द्या आणि पिनियन फिरवायला लागणारा जोर मोजा. छोटा टॉर्क रेंच नसेल तर फ्लँजला दोरा गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढा. पहिला झटका नाही, फिरत असतानाचा आकडा धरा. हिशोब असा: १० सेमी व्यासाच्या फ्लँजवर काट्यावर ३ किलो, म्हणजे १५ किलो-सेमी, साधारण १.५ न्यूटन-मीटर.

इम्पॅक्ट गन इथं नकोच. 'हाताला अंदाज असतो' म्हणणारे मिस्त्री असतात, आणि काहींचा खरंच असतो, पण तो शेकडो पिनियन आवळून आलेला असतो. त्याच्याकडून प्रेस उसनी घ्या, अंदाज नको.

जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० ऑइल, मॅन्युअलला मान्य असेल तर, फिलरच्या कडेपर्यंत भरा. पहिले १०-१५ किमी सावकाश चालवून थांबा आणि पिनियनच्या नाकाजवळ हात लावा. कोमट चालेल, हात टेकवत नसेल तर प्रीलोड जास्त आहे, पुढे नेऊ नका. ८०० किमीला ऑइल काढा: तळाशी करडा लेप असणं ठीक, चकाकणारे तुकडे दिसले तर कॅरिअर पुन्हा खाली.