कराटेत पंच मारताना हात दुखतोय? आधी नेमकं कुठे दुखतंय ते बघा

कराटे सुरू करून महिना-दोन महिने झाले की नवीन लोक हमखास विचारतात, मनगट दुखतंय, कोपर दुखतंय, हे नॉर्मल आहे का. मी बरीच वर्षं शोतोकान (कराटेची एक शैली) करतोय आणि आता क्लासमध्ये सरांच्या हाताखाली व्हाइट बेल्टची बॅच बघतो, त्यामुळे हा प्रश्न आधी माझ्याकडेच येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे, स्नायू भरून आले तर नॉर्मल, सांध्यात कळ आली तर नाही. झेनकुत्सु-दाचीमध्ये, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब स्टान्समध्ये, खाली बसून बसून मांड्या भरणारच, त्याचं काही नाही. पण पंच मारल्यावर मनगटात, कोपरात किंवा बोटांच्या मुळाशी दुखत असेल तर पंचमध्येच कुठेतरी गडबड आहे, आणि बहुतेक वेळा कुठे दुखतंय त्यावरून काय चुकतंय ते कळतं. "दुखू दे, सवय होईल" असं कोणी सिनियर म्हणाला तर सांध्याच्या बाबतीत प्लीज ऐकू नका.

मुठीपासून सुरू करू. बोटं टोकापासून गुंडाळत आणायची, तळहातात घट्ट बसवायची आणि अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा. लहान मुलं अंगठा बोटांच्या आत घेतात, असा पंच कशावर बसला तर अंगठ्याला वाईट लागतं. आणि लागलं पाहिजे ते पहिल्या दोन नकलनी, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी मुठीवर वर येणाऱ्या हाडांनी, ज्याला आपण सेइकेन म्हणतो. हा काही नुसता परंपरेचा नियम नाहीये, ह्या दोन बोटांची तळहातातली हाडं मनगटाला जवळजवळ घट्ट जोडलेली असतात आणि अनामिका-करंगळीची हाडं हलतात, स्वतःची मूठ वळून करंगळीकडचा भाग दुसऱ्या हाताने हलवून बघा, लगेच जाणवेल. त्यामुळे पंच बाहेरून गोल फिरून आला आणि करंगळीच्या नकलवर बसला की त्या नकलच्या जरा मागे हाड मोडू शकतं, डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. रागाच्या भरात भिंतीवर मूठ मारणारे बऱ्याचदा हेच घेऊन येतात. तुमची करंगळीची बाजू दुखत असेल तर पंच सरळ जात नाहीये, कोपर बरगड्यांना घासत पुढे न्या, बाजूला उडू देऊ नका, निम्मं काम तिथेच होतं.

मनगटाचं म्हणजे, हवेत मारताना कळतच नाही की ते वाकलंय. सहा महिने किहोन, म्हणजे बेसिक टेक्निकचा हवेतला सराव, मस्त चाललेलं असतं आणि पहिल्यांदा पॅडवर जोरात मारलं की मूठ खाली दुमडते. म्हणून आमच्याकडे पॅडच्या आधी भिंत. भिंतीला घडी केलेला टॉवेल लावायचा, दोन नकल त्यावर टेकवायचे आणि हळूहळू शरीराचं वजन पुढे द्यायचं, मारायचं नाही, फक्त दाबायचं. हाताची मागची बाजू आणि फोरआर्म एका रेषेत आहेत का ते बघायला वर सरळ शाळेतली पट्टी ठेवा. रेषा वरून पण बघा, कारण मूठ आत किंवा बाहेर वळलेली असली तरी मनगट मार खातं. मॅटवर मुठीवरचे पुश-अप पण ह्याचसाठी चांगले, आधी गुडघे टेकवून करा. पण शहाबादी फरशीवर नकल घासत करू नका, कातडी सोलण्याने मनगट मजबूत होत नाही. मूठ पूर्ण आडवी केल्यावरच दुखत असेल तर काही दिवस उभ्या मुठीने मारा, तातेझुकी, म्हणजे उभ्या मुठीचा पंच, जवळच्या अंतरासाठी आहेच, आणि इशिन-र्यू ह्या शैलीत तर मुख्य पंचच उभ्या मुठीचा आहे, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही.

आता कोपर, ह्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण कराटेवाल्यांची खरी दुखापत हीच आहे असं माझं मत आहे. बॅगवर मारणाऱ्याचा पंच बॅग थांबवते, आपण क्लासच्या क्लास हवेत मारतो आणि तिथे पंच थांबवायला आपले स्नायूच असतात. ते वेळेवर लागले नाहीत की हात झटक्यात पूर्ण सरळ होतो, कोपराच्या मागचं हाड हाडावर आपटतं, आणि हे एका तासात शेकडो वेळा. मग रात्री कोपराच्या मागे ठणका लागतो, हात पूर्ण सरळ करवत नाही. ह्याचं एक मोठं कारण म्हणजे गीच्या (कराटेच्या ड्रेसच्या) बाहीचा फट्ट आवाज. नवीन लोकांना वाटतं आवाज आला म्हणजे पंच चांगला, आणि आवाज काढायचा सोपा उपाय म्हणजे कोपर लॉक करणं. आवाजाच्या मागे लागू नका हो, खरंच. किमे म्हणजे शेवटच्या क्षणी पोट, काख, पाठ, मूठ सगळं एकत्र आवळणं, कोपर आपटणं नाही. कोपर अगदी थोडंसं वाकलेलं असतानाच पंच थांबला पाहिजे, कोपराचं टोक जमिनीकडे, आणि मूठ फिरते ती शेवटच्या टप्प्यात आणि फोरआर्मपासून, खांद्यापासून नाही. काही जणांचं कोपर मुळातच सरळ रेषेच्याही पलीकडे जातं, लहान मुलं आणि मुलींमध्ये हे जास्त दिसतं, त्यांनी तर आरशासमोर बाजूने उभं राहून स्वतःचं थांबायचं ठिकाण शोधून ठेवावं. आधी पाव वेगाने, मग अर्ध्या वेगाने, आणि पूर्ण वेग अगदी शेवटी.

खांद्याचं थोडक्यात, पंच मारताना खांदा कानाकडे चढत असेल तर वरून पुढे दुखणारच, काख आवळून खांदा खाली ठेवा, आणि हिकिते, म्हणजे मागे खेचायचा दुसरा हात, छातीपर्यंत वर ओढू नका.

बॅग आणि पॅडबद्दल. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बॅग घरगुती भरलेली असते, रेती किंवा रेती-चिंध्या मिक्स, आणि रेती खाली बसत जाते, त्यामुळे बॅगचा तळ दगडासारखा होतो. मारायच्या आधी हाताने दाबून बघा कुठे मऊ आहे. बॅग झुलत अंगावर येत असताना मारू नका, मनगट मुरगळतं. अंगठी, कडं, मनगटातला जाड धागा काढून ठेवा, नखं कापा. 4.5 मीटरच्या हँड रॅप मिळतात त्या घ्या, गुंडाळायला शिका, पण रॅप आणि ग्लोव्हज वाकलेलं मनगट सरळ करून देत नाहीत हे लक्षात असू दे. पॅड धरणाऱ्यालाही शिकवावं लागतं, त्याने ऐन वेळी पॅड मागे घेतला की मारणाऱ्याचं कोपर झटका खातं. माकिवारा घाईने नकोच. जपानच्या ओकिनावातला माकिवारा म्हणजे पंच मारायला जमिनीत रोवलेली फळी, मारल्यावर मागे लवते, इथे लोक भिंतीला फळी ठोकून त्यावर दोरी गुंडाळतात, ती लवत नाही आणि सगळा धक्का परत हातात येतो. आणि वाढत्या वयाच्या मुलांना तर माकिवारा अजिबात नको, त्यांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात.

डॉक्टरकडे कधी जायचं ते नीट वाचा. नकल खाली बसल्यासारखा दिसतोय, सूज खूप आहे, बधीरपणा आहे, किंवा बोटं वाकवल्यावर एक बोट दुसऱ्यावर चढतंय, तर त्याच दिवशी जाऊन एक्सरे काढा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल तरी जा, कारण तिथल्या स्कॅफॉइड हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसत नाही आणि डॉक्टर 10 ते 14 दिवसांनी परत काढायला सांगतात. स्पारिंगमध्ये समोरच्याचा दात नकलला लागून छोटी जखम झाली तर तीही दाखवा, दिसायला किरकोळ असली तरी ती आत सांध्यापर्यंत चिघळू शकते. बाकी साधा मुका मार असेल तर कापडात गुंडाळून बर्फ 15-20 मिनिटं आणि दोन-तीन दिवस पंच बंद, तोपर्यंत स्टान्स आणि किक्सची प्रॅक्टिस करा. परत सुरू करताना आधी हवेत सावकाश, मग टॉवेल आणि भिंत, मग पॅड, आणि त्या दिवशी वॉर्मअपच्या आधीच सरांना सांगा की हात नुकता बरा झालाय, म्हणजे पार्टनर लावताना ते बघून लावतात.