महाबळेश्वरात धुकं उतरलं तर पूर्वेकडे निघा

पावसाळ्यात महाबळेश्वरला पोहोचलात आणि दहा फुटांपुढचं दिसत नसेल, तर पॉइंट बघायचा हट्ट सोडा. ऑर्थरसीटला जाऊन पांढरी भिंत पाहण्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचं? त्यापेक्षा गाडी पाचगणीच्या दिशेला वळवा. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण ढग तिथेच रिकामे होत असल्यामुळे पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो. पाचगणीत त्यामानाने बराच कमी आणि पसरणी घाट उतरून वाईत आलात की अनेकदा नुसती भुरभुर. वाईत ढोल्या गणपती बघा, मग जवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. घाटावरची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, वसईहून आणलेली. घाट ओला असतो, पायऱ्या जपून उतरा, आणि नदीला पाणी चढलं असेल तर वरूनच बघा.

उतरायचंच नसेल तर क्षेत्र महाबळेश्वरला जा. पंचगंगेचं आणि कृष्णाबाईचं देऊळ धुक्यातच जास्त शोभतं, हे माझं ठाम मत.

प्रतापगडाकडे जाणारा आंबेनळी घाट मात्र मुसळधार पावसात टाळा, तिथे दरडी कोसळतात. धुक्यात गाडीचे हेडलाइट लो बीमवर ठेवा, अंधार पडायच्या आत मुक्कामी या. वाऱ्यात छत्री उलटतेच, रेनकोट घ्या. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.