कोल्हापुरातून सेकंड लाइफमध्ये आलेल्या गायक-वादकांना

सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगात खातं काढलं, अवताराला, म्हणजे तिथल्या आपल्या बाहुल्याला, कुर्ता चढवला, कुठल्याशा मोकळ्या जागेत उभं राहून तासभर गायलं आणि ऐकायला काळं कुत्रंही फिरकलं नाही. नव्यानं आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार हीच असते. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं, तेव्हापासून ‘गायचं कुठं?’ हा प्रश्न आपल्याकडं जरा जास्तच ऐकू येतो. मग कुणीतरी कुणाला तरी इथला पत्ता देतं. मी बऱ्याच वर्षांपासून इथलाच झालोय. राहायला राजारामपुरीत, पण गाण्यापुरता मुक्काम इथं. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

आपल्याकडं कार्यक्रम ठरला की पहिलं काम म्हणजे डिजिटल लावणं. बिंदू चौकात एक, मिरजकर तिकटीला एक, मधोमध गायकाचा फोटो आणि भोवती शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे. येणाराजाणारा बघतो, त्यातले काही येतात. सेकंड लाइफमध्ये ही युक्ती मुळातूनच लागू पडत नाही, कारण इथं रस्त्यानं कुणी जातच नाही. माणूस लँडमार्कवर, म्हणजे जागेच्या जतन केलेल्या पत्त्यावर, क्लिक करतो आणि थेट कार्यक्रमाच्या जागी उतरतो. मधे चौक नाही, टपरी नाही, ‘काय चाललंय बघू’ म्हणून डोकावणारा नाही. जो येतो तो कुणीतरी बोलावल्यामुळं येतो. इथल्या प्रचाराचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. ते कळलं नाही, तर कितीही देखणं पोस्टर केलंत तरी उपयोग शून्य.

म्हणून पहिले काही आठवडे गाऊ नका. ऐका. सर्चमध्ये इव्हेंट्स उघडून लाइव्ह म्युझिक हा प्रकार निवडला की त्या दिवशी कुठं कोण गातंय ते दिसतं. जा, बसा, चॅटमध्ये दाद द्या, गाणाऱ्याच्या टिप जारमध्ये थोडेफार लिंडेन डॉलर (हे इथलं चलन) टाका. साधारण अडीचशे लिंडेन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, त्यामुळं खिशाला चाट बसत नाही. आवडलेल्या व्हेन्यूच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या जागेच्या, ग्रुपमध्ये सामील व्हा. तुम्ही सलग काही वेळा दिसलात की लोक तुमचं प्रोफाइल उघडून बघतात, आणि तिथं ‘हार्मोनियम, अभंग, भारत’ असं काही दिसलं की आपणहून विचारतात. प्रोफाइलमधल्या पिक्स या भागात गाण्याचा नमुना कुठं ऐकायला मिळेल आणि पुढचा कार्यक्रम कधी आहे, हे लिहून ठेवा. डिस्प्ले नेम देवनागरीत ठेवता येतं, पण मोह आवरा. टेक्सासमधल्या माणसाला ते टाइपही करता येत नाही आणि शोधताही येत नाही.

हे ऐकणं चालू असताना व्हेन्यू कोण चालवतं ते नीट बघा. मालक जागेचं भाडं भरतो, मॅनेजर तारखा देतो आणि होस्ट दारात उभं राहून प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागत करते. यात सगळ्यात महत्त्वाची कोण, असं विचाराल तर माझं उत्तर होस्ट. तिची स्वतःची मित्रयादी असते, ती कार्यक्रमाआधी लोकांना निरोप पाठवते, गाणं चालू असताना चॅट हलता ठेवते आणि टिप द्यायची आठवण करते. चांगल्या होस्टमागं लोक एका व्हेन्यूतून दुसऱ्या व्हेन्यूत जातात. तिच्याशी नीट वागा, कार्यक्रमात तिचं नाव घ्या, आणि तिच्या जारमध्येही काही पडू द्या. आपल्याकडचे काही बुजुर्ग निवेदकाला जसं हातानं बाजूला सारतात, तसं इथं केलंत तर पुन्हा तारीख मिळणार नाही.

तारीख मागायला जाताना नुसतं ‘मी गातो’ म्हणून चालत नाही. एक नोटकार्ड, म्हणजे इथली मजकुराची चिठ्ठी, तयार ठेवा. त्यात चार ओळींत तुमची ओळख, गाण्याचा प्रकार, नमुन्याची लिंक, तुम्हाला जमणाऱ्या वेळा, मानधनाची अपेक्षा (सुरुवातीला फक्त टिपवर गाणं सर्वमान्य आहे) आणि स्ट्रीमची, म्हणजे तुमचा आवाज ज्या सर्व्हरवरून जाणार त्याची, माहिती (त्याबद्दल पुढं सांगतो). अभंग म्हणजे काय, नाट्यपद म्हणजे काय, हे इंग्रजीत दोन सोप्या वाक्यांत लिहा. ‘शास्त्रोक्त परंपरेतील भक्तिरसप्रधान’ वगैरेचं भाषांतर करत बसू नका, कुणी वाचत नाही. आणि घराण्याचा पाढाही नको. अल्लादिया खाँसाहेबांचं नाव ऐकून कोल्हापुरात माणूस कानाला हात लावतो, इथं तुमचा आवाज ऐकल्यावरच पुढचं बोलणं.

नोटकार्डाबरोबर पोस्टर लागतं. चित्र अपलोड करायला दहा लिंडेन डॉलर पडतात. चौकोनी करा, अक्षरं मोठी ठेवा, कारण ते भिंतीवर लागणार आणि लोक लांबून बघणार. नाव, चेहरा, वाद्य, बस्स. वेळ त्यावर लिहू नका, म्हणजे तेच पोस्टर वर्षभर चालतं. आता एक बारीक पण नडणारी बाब. दुसऱ्याला पोस्टर देण्याआधी त्याच्या परमिशनमध्ये कॉपी आणि ट्रान्सफर दोन्हीवर खूण करा. नाहीतर मॅनेजरला ते होस्टकडं देता येत नाही, होस्टला आणखी एका बोर्डावर लावता येत नाही आणि ‘पुन्हा पाठवा’ हा निरोप येईपर्यंत तुम्ही झोपलेले असता.

चार ठिकाणी गाऊन झालं की स्वतःचा ग्रुप काढा. त्याला शंभर लिंडेन डॉलर लागतात, आणि दोन दिवसांत निदान दोन सदस्य नसतील तर ग्रुप आपोआप मोडतो, तेव्हा मित्राला आधीच सांगून ठेवा. ग्रुपचा टॅग अवताराच्या डोक्यावर नावासोबत दिसतो. तुम्ही कुठंही बसलात तरी ती फिरती पाटी आहे. लोकांनी आपला टॅग लावावा म्हणून तो आकर्षक करा. नुसतं तुमचं नाव मिरवायला कुणी तयार होत नाही.

ग्रुपची खरी ताकद नोटिशीत, म्हणजे सगळ्या सदस्यांना एकदम जाणाऱ्या निरोपात. एका नोटिशीला एकच वस्तू जोडता येते, आणि ती लँडमार्कच असली पाहिजे. पुष्कळ जण हौसेनं पोस्टर जोडतात आणि मग माणूस चित्र बघत बसतो, येत नाही. कधी पाठवायची? आपल्याला आठवडाभर आधी पत्रिका वाटायची सवय. इथं माणसाला निघायचं नसतं, गाडी लावायची नसते, तयार व्हायचं नसतं. त्यामुळं तो आठवडा आधी काही ठरवतही नाही. अर्धा तास आधी एक नोटीस आणि गाणं सुरू होताना एक, एवढं पुरे. रोज पाठवलीत तर लोक ग्रुप सोडतात, कारण प्रत्येकाला किती ग्रुपमध्ये राहता येतं यावर मर्यादा आहे आणि जागा करायची वेळ आली की आधी त्रास देणाराच जातो. दुसऱ्याच्या ग्रुपच्या चॅटमध्ये न विचारता आपली जाहिरात टाकणं, हे तर इथलं महापाप. हाकलून देतात, आणि मॅनेजर लोक एकमेकांच्या ओळखीचे असतात.

आता वेळेचं. इथं नव्या माणसाची सगळ्यात जास्त तारांबळ उडते ती याच जागी.

सेकंड लाइफचं घड्याळ कॅलिफोर्नियाच्या वेळेवर चालतं, कारण ते चालवणारी लिंडेन लॅब सॅन फ्रान्सिस्कोची. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपण त्यांच्या साडेबारा तास पुढं असतो, उरलेल्या काळात साडेतेरा तास. म्हणजे त्यांच्या शनिवारी संध्याकाळी सहाला कार्यक्रम असेल, तर आपल्याकडं रविवारची सकाळ, उन्हाळ्यात साडेसहा आणि थंडीत साडेसात. युरोपातले श्रोते हवे असतील तर दुपारी बाराची वेळ घ्यावी लागते, ती आपली मध्यरात्र उलटल्यानंतरची, साडेबारा किंवा दीड. नोटिशीत, फेसबुकच्या पोस्टमध्ये, सगळीकडं सेकंड लाइफचीच वेळ आणि त्यांचाच वार लिहा. आपली वेळ फक्त स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

नोकरी-धंदा सांभाळून गायचं तर आपल्याला सकाळच सोयीची. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांचं जेवणखाण उरकून गाणं ऐकायची वेळ झालेली असते. पण मग प्रश्न येतो, राग कुठला? तुमच्या खिडकीत ऊन आलंय, श्रोत्याच्या खिडकीत अंधार पडलाय, आणि व्हेन्यूच्या मालकानं आकाशात कायमचा सूर्यास्त लावून ठेवलाय. यावर आमच्यात वाद आहेत. काही जण म्हणतात, गाणाऱ्याचा समय खरा, भैरवच गा. मी ऐकणाऱ्याचा समय धरतो आणि सकाळी सातला यमन गातो. शेजारच्या काकूंना पहिल्यांदा वाटलं, मी रात्रभर जागाच आहे. तुम्ही काय ते ठरवा, पण ठरवल्यावर श्रोत्यांना सांगा. ‘हा संध्याकाळचा राग आहे, माझ्याकडं मात्र आता सकाळ झालीय’ एवढं एक वाक्य बोललात तर चॅट जागा होतो, लोक आपापल्या गावची वेळ सांगायला लागतात. पोस्टरपेक्षा याचा फायदा जास्त.

आवाजाचं थोडक्यात, कारण तो वेगळा विषय आहे. तुमचं गाणं सेकंड लाइफच्या व्हॉइसमधून, म्हणजे बोलण्याच्या सोयीतून, जात नाही, शाउटकास्ट किंवा आइसकास्ट या इंटरनेट रेडिओच्या सर्व्हरवरून जातं. बट किंवा मिक्स यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं तुम्ही त्या सर्व्हरला आवाज पाठवता आणि व्हेन्यूचा मालक त्याचा पत्ता आपल्या जमिनीच्या सेटिंगमध्ये टाकतो. १२८ केबीपीएस ठेवलंत की बहुतेकांना नीट ऐकू जातं. हलगीवाल्यांनी माइकपासून लांब बसावं आणि लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर चढू न देणारी सोय) लावावा, नाहीतर पहिल्या थापेलाच पलीकडं नुसती फुटलेली पत्र्याची चादर वाजते. लॅपटॉप एकच असेल तर ग्राफिक्स अगदी खाली आणा. तुमचा अवतार कसा दिसतोय हे श्रोत्यांच्या मशीनवर ठरतं, तुमच्या नव्हे. राउटरला छोटा यूपीएस जोडा. पावसाळ्यात तर हवाच.

स्ट्रीम श्रोत्यापर्यंत पोचायला कित्येक सेकंद लागतात, कधी अर्धा मिनिटही. त्यामुळं गाणं संपलं की शांतता जाणवते. लोकांना आवडलं नाही असं समजून घाबरू नका, अजून तुमची शेवटची तान त्यांच्यापर्यंत पोचायची आहे. त्या वेळात पुढच्या पदाबद्दल बोला, आलेल्यांची नावं घ्या. याच उशिरामुळं सांगलीतला तबलजी आणि कोल्हापुरातला गायक असा मेळ सहज जमत नाही. एक रस्ता आहे. गायकाचा स्ट्रीम तबलजी ऐकतो, त्यात आपला ठेका मिसळतो आणि दोन्ही मिळून श्रोत्यांना पाठवतो. गायकाला मात्र ठेका ऐकू येत नाही, त्यामुळं लय पक्की असणाऱ्यांनीच हे धाडस करावं.

गर्दीच्या अपेक्षेबद्दल स्पष्ट बोलतो. एप्रिल २०२० मध्ये फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्ये अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा कार्यक्रम झाला, तेव्हा एका वेळी १ कोटी २३ लाख लोक होते. २६ जानेवारी २०२२ ला दलेर मेहंदी पार्टीनाइट या भारतीय आभासी जगात गायले. ते कंपन्यांचे सोहळे, आधी बनवून ठेवलेले, एकाच कार्यक्रमाच्या असंख्य प्रती चालवलेले. सेकंड लाइफमध्ये अमेरिकन गायिका सुझान वेगा ऑगस्ट २००६ मध्ये गायल्या, त्यांच्यासमोरही बसू शकणारी माणसं मर्यादितच होती, कारण एका रिजनमध्ये, म्हणजे इथल्या जमिनीच्या एका तुकड्यात, किती अवतार मावतात याला हद्द आहे, आणि आजही मोठ्या रिजनला ती शंभर आहे. तुमच्यासमोर वीस जण बसले तर तो चांगला कार्यक्रम. देवल क्लबच्या बैठकीला आपण माणसं मोजत नाही, कोण आलंय ते बघतो. तसंच बघा.

गर्दी हवीच असेल तर जून. सेकंड लाइफ २३ जून २००३ ला सुरू झालं, त्या वाढदिवसाच्या उत्सवात संगीताचे मंच असतात आणि कलाकारांकडून आधी अर्ज मागवतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी निधी जमवणारा रिले फॉर लाइफही दरवर्षी असतो. तिथं मोबदला मिळत नाही, सगळं निधीत जातं, पण एरवी तुमच्या वाटेला न येणारे श्रोते एका तासात भेटतात. बाहेरच्या जगात फेसबुक आणि डिस्कॉर्ड आहेतच, पण इथली मंडळी फ्लिकरवर फार असतात, तेव्हा कार्यक्रमाचे फोटो तिथं टाका. फोटो काढणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

हक्कांबाबत हयगय नको. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द मोकळे होतात, त्यामुळं तुकोबा, किर्लोस्कर, देवल यांचे शब्द गायला अडचण नाही. पण अभंगाला विसाव्या शतकातल्या कुणी चाल लावली असेल आणि त्यांना जाऊन साठ वर्षं झाली नसतील तर ती चाल त्यांची, आणि विकत घेतलेला कराओके ट्रॅक तो बनवणाऱ्याचा. पारंपरिक चाल किंवा स्वतःची चाल, स्वतःच्या साथीवर, हे सगळ्यात निर्धोक. शिवाय बाकीच्यांकडं नसलेलं असं तुमच्याकडं तेवढंच असतं.

कार्यक्रम संपला की लगेच लॉगआउट करू नका. शेवटपर्यंत बसलेल्यांना ग्रुपचं आमंत्रण द्या, पण विचारून. टिप दिलेल्यांना नावानं दोन ओळी पाठवा, होस्टला वेगळ्या. मॅनेजर अजून तिथंच असेल तर पुढची तारीख तेव्हाच मागा, आणि मागताना महिन्यातला ठरावीक वार आणि ठरावीक वेळ मागा. तुमची वेळ श्रोत्यांच्या अंगवळणी पडायला काही महिने जातात. नोव्हेंबरात घड्याळ बदलेल, तेव्हा त्यांची वेळ तीच ठेवा आणि तुम्ही तासभर उशिरा उठा.