अलाइनमेंटचं गॅरेज पारखायचं तर मशीनआधीची कामं बघा

मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या हातात गाडी असली की ती फुटपाथच्या कडेला घासते, खड्ड्यात आदळते, रिव्हर्स घेताना मागचं चाक दगडावर चढतं. त्यामुळे आमच्या शाळेच्या गाड्यांना अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याचं काम, इतरांपेक्षा जास्त वेळा लागतं, आणि गॅरेजवाल्यांशी माझी गाठही तेवढीच जास्त पडते. मला याची काळजी वाटते ती आणखी एका कारणाने. गाडी एका बाजूला ओढत असेल तर नवा माणूस स्टेअरिंग तिरकं धरूनच सरळ जायला शिकतो. पुढे दुसऱ्या गाडीत बसला की हीच सवय त्याला नडते.

गॅरेज शोधताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘थ्री-डी मशीन आहे का?’ कॅमेऱ्याची थ्री-डी मशीनं चांगली असतात, त्यांनी काम लवकर होतं. पण हवा कमी असलेल्या टायरवर किंवा ढिल्या बॉल जॉइंटवर (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) घेतलेलं माप कुठल्याही मशीनवर चुकीचंच येणार. म्हणून मी मशीन सुरू होण्याआधी तिथला माणूस काय काय करतो ते बघते. गॅरेज भरवशाचं आहे की नाही, ते तिथेच कळतं.

आधी दुखणं कुठलं ते ठरवा

ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या आसपास स्टेअरिंग थरथरत असेल आणि वेग कमी केला की थांबत असेल, तर तो बहुधा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसण्याचा, प्रश्न असतो. अलाइनमेंट करून ती थरथर जात नाही. ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हलत असेल तर डिस्क बघायला हवी. सरळ रस्त्यावर गाडी सरळ चालते पण स्टेअरिंग तिरकं राहतं, किंवा टायरची एकच कड झिजते, ही लक्षणं अलाइनमेंटची. टायर दोन्ही कडांना सारखाच झिजला असेल तर हवा कमी राहत होती, मधोमध झिजला असेल तर जास्त.

टायरवरून आडवा तळहात फिरवून बघा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं धारदार लागलं तर टो बिघडला आहे. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टायरची आतली कड उभ्याने दिसत नाही. त्यासाठी स्टेअरिंग पूर्ण वळवायचं आणि टॉर्च घेऊन खाली बघायचं.

गाडी ओढते असं वाटलं तरी लगेच गॅरेज गाठू नका. रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतरते बांधलेले असतात, आणि गाडी त्या उताराकडे थोडी जातेच. आधी चारही टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. मग सपाट, मोकळ्या जागी पुन्हा बघा. तरीही ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघता येतात. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. मात्र टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल करायची नाही. एखादा ब्रेक धरून राहिला तरी गाडी ओढते. अशा वेळी थोडं चालवून थांबल्यावर त्या चाकाजवळ बाकीच्यांपेक्षा जास्त ऊब जाणवते. रिमला मात्र हात लावू नका, भाजू शकतं.

फोनवर काय विचारायचं

फोन केल्यावर मी सुरुवातीलाच दर विचारत नाही. आधी विचारते की माप दोन चाकांचं घेणार की चारही. मागच्या चाकांचा टो जुळवता येत नाही अशा गाड्या पुष्कळ आहेत. पण मागचं माप घेतलंच पाहिजे, कारण मागची चाकं ज्या दिशेने ढकलतात त्या रेषेला धरून पुढची जुळवावी लागतात. ते न पाहता पुढचा टो कितीही नेमका बसवला तरी स्टेअरिंग तिरकंच राहू शकतं.

मग विचारते, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग छापून देता का. त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो: ‘मापं बरोबर आली तर काही न करता गाडी परत द्याल का, आणि नुसत्या तपासणीचे किती घ्याल?’ चांगला माणूस सरळ उत्तर देतो, मग तपासणीचे पैसे घेणार असला तरी. ‘मॅडम, काही ना काही निघतंच’ असं उत्तर आलं तर मी दुसरा नंबर लावते.

दराची गोष्ट शेवटी. सांगितलेल्या आकड्यात काय काय धरलं आहे ते नीट विचारून घ्या. बॅलन्सिंग वेगळं का, त्यासाठी रिमवर लावायच्या वजनांचे पैसे वेगळे का, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव) किंवा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) जुळवावा लागला तर जादा किती, आणि स्टेअरिंग तिरकं राहिलं तर पुन्हा बघायचे पैसे घेणार का. जाहिरातीतला सगळ्यात कमी दर बऱ्याचदा पुढच्या दोन चाकांच्या टोपुरताच असतो. नवे टायर घेत असाल तर अलाइनमेंट त्याच किमतीत धरून मागा. बरीच दुकानं देतात.

कुणाला विचारायचं? दिवसभर गाडी चालवून पोट भरणारे लोक टायरचा हिशेब पक्का ठेवतात. टॅक्सीवाले, माल पोचवणारे, शाळेच्या व्हॅनवाले. त्यांना ‘चांगलं गॅरेज कुठलं’ असं मोघम विचारू नका. ‘तुमचे टायर शेवटपर्यंत सारखे झिजतात का, आणि काम कोण करतं’ असं विचारा. अपघाताच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनाही विचारता येतं. वाकलेली गाडी सरळ केल्यावर ती मोजायला ते कुठे पाठवतात ते ठिकाण सहसा पक्कं असतं. ऑनलाइन अभिप्राय वाचताना मी तारे मोजत नाही. तक्रार घेऊन परत गेलेल्या गिऱ्हाइकाशी तिथे कसं वागले, ते शोधते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरबद्दल एवढंच सांगते की तिथेही काही ठिकाणी हे काम बाहेरच्या गॅरेजला दिलेलं असतं. गाडी तिथेच मोजणार का, हे विचारा.

तिथे उभं राहून काय बघायचं

जमलं तर गर्दी नसलेल्या वेळी जा आणि काम चालू असताना जवळ थांबा. ‘कस्टमर आत नको’ असा नियम असेल तर तो सुरक्षेसाठी असू शकतो. मग बाहेरून दिसेल असं उभं राहायची परवानगी मागा.

चांगला मिस्त्री आधी तुमचं ऐकतो आणि गाडीला एक फेरी मारून आणतो. मग हवा तपासतो, चारही टायर सारख्या मापाचे आहेत का ते पाहतो, डिकीत जड सामान असेल तर काढायला सांगतो. गाडी उचलल्यावर चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवतो. वर-खाली हलवताना प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हलवताना लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचे सांधे). लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, टॉमीने (लोखंडी पहारीने) हलवून बघतो. यातलं काही ढिलं असेल तर तो अलाइनमेंट करायला नकार देतो आणि आधी तो पार्ट बदला म्हणतो. असा नकार मिळाला तर त्या माणसाचा नंबर जपून ठेवा. मात्र प्ले आहे असं कुणी सांगितलं तर तो स्वतःच्या हाताने जाणवून घ्या. खरा असेल तर तो दाखवायला कुणी कंटाळत नाही.

यानंतर मापाची साधनं धरणारे क्लॅम्प रिमवर बसतात. गाडी थोडी मागे-पुढे ढकलली जाते, ती रिमच्या वाकडेपणाचा फरक मापातून काढून टाकण्यासाठी. पुढची चाकं ज्या फिरत्या थाळ्यांवर उभी असतात त्यांच्या पिना काढलेल्या असाव्यात, नाहीतर चाक मोकळेपणी वळत नाही. कॅस्टर मोजताना ब्रेक पॅडल दाबून धरणारी दांडी लावतात. आणि स्क्रीनवर तुमच्याच गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडलेलं आहे का ते वाचा. जवळचं दुसरं मॉडेल निवडलं तर स्क्रीनवरचं हिरवं (मर्यादेत) आणि लाल (मर्यादेबाहेर) सगळंच खोटं ठरतं.

मशीनबद्दल शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. नम्रपणे म्हणा, ‘गाडी एकदा पुढे-मागे करून रीडिंग परत घ्याल का?’ आकडे दोन-तीन मिनिटांच्या फरकाने तेच आले पाहिजेत. इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. आकडे भलतेच बदलले तर क्लॅम्प नीट बसलेला नाही किंवा मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप अचूक ठेवणारी जुळणी, गेलेलं आहे. अशा मापावर गाडीला पाना लावू देऊ नका.

कॅम्बरचं प्रकरण

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून जरा थांबून सांगते. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं. पुष्कळ लहान गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये कंपनीने कॅम्बर जुळवण्याची सोयच ठेवलेली नसते. काही गाड्यांत लंबगोल भोकं किंवा खास बोल्ट असतात, त्यात थोडा फरक करता येतो. म्हणजे सोय नसलेल्या गाडीचा कॅम्बर मर्यादेबाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलं, झिजलं किंवा सरकलं आहे: स्ट्रट (शॉक अब्सॉर्बरचा उभा खांब), नकल (चाक बसतं तो भाग), लोअर आर्म, नाहीतर सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट).

‘कॅम्बर आउट आहे, करून टाकतो’ असं ऐकलं की तीन गोष्टी विचारा. आकडा किती, कंपनीची मर्यादा किती ते किती, आणि कुठला पार्ट वाकला आहे. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर काम थांबवा. साखळी आणि जॅक लावून स्ट्रट किंवा नकल वाकवून आकडा हिरवा करणारे आहेत. ज्या भागावर चाक उभं आहे तो असा ताणून वाकवणं मला मुळीच मान्य नाही, आणि माझ्या गाडीला मी ते करू देत नाही.

डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर गाडी ओढू लागते, हे खरं. पण दोन्ही आकडे मर्यादेत आहेत, आपसात जवळ आहेत, गाडी ओढत नाही आणि टायर सारखे झिजतात, तर कॅम्बरला हात लावायचं काही कारण नाही.

पाना लागल्यावर

टो जुळवताना टाय रॉडचा चेक नट (रॉड जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करून रॉड फिरवतात. शेवटी नट आवळला की आकडा किंचित सरकतो, म्हणून आवळल्यानंतरचं रीडिंग बघा. स्टेअरिंग लॉक लावून मधोमध धरलेलं हवं आणि दोन्ही बाजूंचे रॉड लागतील तसे फिरवायला हवेत. एकाच बाजूचा रॉड फिरवून एकूण टो जमवला तर स्टेअरिंग तिरकं राहतं. मग कुणी स्टेअरिंगच काढून एक दाता सरकवून बसवतो. याला स्पष्ट नाही म्हणा. एअरबॅग असलेल्या गाडीत तर हे धोक्याचंच आहे.

ज्या गाड्यांत स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा स्टेअरिंग अँगल सेन्सर (स्टेअरिंग किती वळलं ते मोजणारा) नंतर शून्यावर आणावा लागतो. काचेवर कॅमेरा असलेल्या काही गाड्यांत कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही कंपनी सांगते. तुमच्या गाडीला काय लागतं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि गॅरेजकडे ते साधन आहे का ते आधीच विचारा.

छापील कागदावर गाडीचा नंबर आणि तारीख तपासा. अंश आणि मिनिटं वाचताना घोटाळा होतो: 0.10 अंश म्हणजे 6 मिनिटं, तर 0 अंश 10 मिनिटं म्हणजे सुमारे 0.17 अंश. हा फरक लहान वाटतो, पण चाकाचा टो 10 मिनिटांनी चुकला तर ते चाक प्रत्येक किलोमीटरला जवळपास 3 मीटर आडवं घासत जातं. 10,000 किलोमीटरला हे घासणं सुमारे 29 किलोमीटर होतं. स्वस्त-महागाचा हिशेब मी म्हणूनच नेहमी टायर धरून करते.

पैसे देण्याआधी गाडी चालवून बघा. एकच रस्ता जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. स्टेअरिंग मधोमध आहे का, वळणानंतर आपोआप सरळ येतं का, डॅशबोर्डवर नवा दिवा लागला आहे का. कागदाचा फोटो काढून ठेवा, कारण त्यावरची शाई पुष्कळदा पुसट होत जाते.

नव्या गॅरेजची खरी पारख दुसऱ्या मापाला होते. काही आठवड्यांनी, मध्ये गाडी कुठे आदळली नसेल तर, तिथेच नुसती तपासणी करून घ्या आणि जुना फोटो शेजारी धरा. मागच्या वेळचे ‘नंतर’चे आकडे आणि आजचे ‘आधी’चे आकडे जवळजवळ जुळले पाहिजेत. जुळले तर पुढची गाडीही तिथेच न्या.