फूड ॲलर्जीची हिस्टरी घेताना या चुका टाळा

फूड ॲलर्जीचा रुग्ण दुसऱ्या मतासाठी येतो तेव्हा फाईलमध्ये सगळ्यात वर रक्ताचं भलंमोठं पॅनेल, म्हणजे एकाच वेळी अनेक पदार्थांची ॲलर्जी-तपासणी, असतं आणि हिस्टरीच्या, म्हणजे रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीच्या, जागी एक ओळ: 'काहीतरी खाल्लं की अंगावर उठतं.' काय खाल्लं, किती, किती वेळाने उठलं, तोच पदार्थ याआधी किंवा नंतर पचला का, यातलं काहीच नसतं. नव्या रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) मंडळींना पॅनेल लिहिण्याची इतकी घाई का असते, हे मला खरंच कळत नाही.

स्पेसिफिक आयजीई, म्हणजे ॲलर्जीत सापडणारी त्या-त्या पदार्थाविरुद्धची अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाविरुद्ध अँटिबॉडी तयार केली आहे, एवढंच. तो पदार्थ खाऊन काही होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची) ॲलर्जी असलेल्या माणसाचं कोळंबीचं आयजीईही वर येऊ शकतं, कारण दोन्हींत ट्रोपोमायोसिन हे मिळतंजुळतं प्रथिन असतं. तो जन्मभर कोळंबी खात आलेला असतो आणि आपण कागद बघून ती तोडतो. लहान मुलांत तर दूध, अंडी, गहू, शेंगदाणे एका दमात बंद होतात आणि चार महिन्यांनी वजन खुंटलेलं पोर समोर येतं. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची पॅनेलं मागवूच नका. ती पदार्थ खाण्यात आला आहे एवढंच सांगतात.

दुसरी चूक याहून फसवी: 'हे तर रोज खातो, मग ते नसणार.'

माझ्याकडे कॉलेजातला एक कबड्डीपटू आला होता. सरावाच्या वेळी मधूनच अंगभर गांधी उठायच्या, एकदा तर मैदानावरच शुद्ध हरपली. आधीच्या ठिकाणी मोठं पॅनेल झालं होतं आणि त्यावरून कोळंबी, वांगं, हरभऱ्याची डाळ बंद. तरी त्रास चालूच. गव्हाचा आकडा किंचित वर होता, पण 'पोळी रोज खातो' म्हणून त्यावर काट मारलेली. मी त्याला पदार्थांची यादी विचारलीच नाही. म्हटलं, "ज्या दिवशी पडलास, त्या दिवसाची दुपार सांग."

"सर, त्या दिवशी प्रॅक्टिकल लांबलं. डबा साडेचारला खाल्ला आणि पाचला मैदानावर गेलो."

"एरवी डबा कधी खातोस?"

"एकला. नाहीतर प्रॅक्टिस झाल्यावर घरी जेवतो."

त्या दिवशी पाय दुखत होता म्हणून त्याने वेदनाशामक गोळीही घेतली होती. नुसती पोळी चालते, नुसता सराव चालतो. पोळीनंतर लगेच सराव आणि वर गोळी, की ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी. ओमेगा-५ ग्लायाडिन या गव्हातल्या प्रथिनाची तपासणी पॉझिटिव्ह आली, पण निदान त्या साडेचारच्या डब्यानेच झालं होतं. आता खेळण्याआधी चार तास गहू नाही, ती गोळी नाही, एकट्याने सराव नाही. कोळंबी आणि वांगं तो परत खातो.

म्हणून माझी सवय अशी: केस पेपरच्या मागे आडवी रेघ मारायची, त्रास सुरू झाला तिथे फुली, आणि तिथून सहा तास मागे जायचं. आयजीईची ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत उठते, पण मटणासारख्या लाल मांसातल्या अल्फा-गॅल नावाच्या साखरेची तीन ते सहा तासांनी येते. रेघेखाली खाणं, रेघेवर व्यायाम, गोळ्या, दारू, ताप, पाळी. पंधरा मिनिटं जातात. 'ओपीडीत तेवढा वेळ नसतो' हे मला पटत नाही. चुकीच्या पथ्यात लोकांची वर्षं जातात.

बाकीच्या चुका थोडक्यात. पंगतीत आणखी कोणाला झालं, हे विचारायचं राहतं. बांगडा किंवा कुपा नीट बर्फात ठेवला नसेल तर त्यात हिस्टामिन साठतं, ते तळूनही जात नाही, आणि खाणारे चौघेही लाल होतात. तिथे 'मासे बंद' लिहून कोकणातल्या माणसाचं ताट रिकामं करू नका.

पदार्थाचं नाव लिहिता, घटक लिहीत नाही. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट. पीठ किती दिवस उघडं होतं तेही विचारा, कारण जुन्या पिठातल्या माइट्सनीही रिॲक्शन येते.

अंड्याने त्रास होतो म्हणाले, तर केक चालतो का ते विचारा. चालत असेल तर तो चालू ठेवा. दुधाने नुसतं पोट फुगत असेल तर आधी लॅक्टोजचा, म्हणजे दुधातली साखर न पचण्याचा, विचार करा. तान्ह्या बाळाला नवा पदार्थ दिल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होऊन ते गळून गेलं, तर ती आयजीईशिवायची ॲलर्जी असू शकते; स्किन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून ॲलर्जी नाही असं म्हणू नका.

आणि हिस्टरी घेऊनही संशय राहिला तर 'घरी थोडं खाऊन बघा' असं कोणालाही सांगू नका. फूड चॅलेंज, म्हणजे संशयित पदार्थ थोडाथोडा खायला देऊन बघणं, रुग्णालयातच, देखरेखीखाली, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी ठेवून: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. मात्रा वजनाप्रमाणे काढून, पहिला घास द्यायच्या आधीच केस पेपरवर लिहून ठेवा.